पगोदा आणि साडेपाचची नोंद

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात, मंगळवारी, सोलापूरजवळच्या एका शेतकी फार्मच्या हवामान नोंदवहीत संध्याकाळी साडेपाचचं तापमान सकाळी पावणेनऊ वाजताच लिहून ठेवलेलं होतं. ते मी लिहिलं होतं. त्या दिवशी पावणेचारला वळीव आला, गारा पडल्या, आणि साडेपाचला प्रत्यक्ष तापमान वहीतल्या आकड्यापेक्षा सतरा अंशांनी कमी होतं. त्या वेळी मी बार्शीहून सोलापूरला येणाऱ्या एस.टी.त वैरागच्या पुढे अडकले होते. माझं वय वीस होतं.

फार्म कुंभारीच्या रस्त्यावर होता. वारा पश्चिमेचा असला की शहरातल्या मिलचा भोंगा आमच्या ओसरीवर ऐकू यायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, फार्मच्या हवामान केंद्रावर निरीक्षक होते. केंद्र हा शब्द तसा मोठा. क्वार्टरच्या दारापासून चाळीस पावलांवर तारेच्या कुंपणातला एक चौकोन, त्यात उंच पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, पर्जन्यमापक, वाऱ्याची फिरकी, बाष्पीभवन मोजायचं रुंद भांडं आणि एका खांबावर काचेचा भरीव गोळा. कावळ्यांनी पाणी पिऊ नये म्हणून भांड्यावर जाळी होती. गोळा उन्हाची नोंद करायचा. त्याच्यामागे पुठ्ठ्याची निळी पट्टी लावलेली असे. ऊन असेल तोवर गोळ्यातून गेलेला किरण पट्टी जाळत पुढे सरकायचा. ढग आला की जळणं थांबायचं. पेटीत चार थर्मामीटर होते: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ओल्याच्या टोकाला मलमलीची चिंधी आणि तिचं शेपूट पाण्याच्या बाटलीत. फार्मकडून येणारी मलमल खरखरीत असायची, म्हणून आई ती तीनदा धुऊन मऊ करून द्यायची. पेटीला फार्मवरचे मजूर खुराडं म्हणत. सकाळी खुरपणीला जाताना कुणीतरी कुंपणाबाहेरून ओरडायचं, "अण्णा, आज जरा कमी सोडा की ऊन!" अण्णा पेटीतून डोकं न काढता म्हणायचे, "अर्ज द्या."

नोंद दिवसातून दोनदा. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. रविवार, दिवाळी, घरातलं आजारपण, कशालाही सूट नव्हती. आमचं घर त्या दोन वेळांच्या मध्ये बसवलेलं होतं. लग्नाला जायचं तर अक्षता पडायच्या आत परत निघायचं. जत्रा दुपारपुरती. माझ्या लहानपणी अण्णा एकही रात्र घराबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. घरातून मोकळेपणाने बाहेर पडणारी एकटी आई होती. तिचं माहेर दुधनीचं. दरवर्षी पंचमीला ती गाडीने माहेरी जायची, पाच दिवस राहायची, आणि येताना शेंगांची पिशवी आणि कानडी बोलायची सवय घेऊन यायची. मग आठवडाभर मला "सुमे, नीर तगोंड बा" म्हणजे पाणी घेऊन ये, असं चालायचं. ती दुधनीच्या कानडी शाळेत दुसरीपर्यंत शिकली होती. मराठी बोलायची, लिहायची नाही.

वहीचा एक नियम अण्णांनी मला आठव्या वर्षी शिकवला होता. नोंद चुकली तर त्या रकान्यात आडवी रेघ मारायची. अंदाजाने आकडा लिहायचा नाही. लिहिताना चूक झाली तर खोडायची नाही. एकच रेघ अशी ओढायची की खालचा आकडा वाचता येईल, मग वर बरोबर आकडा, आणि शेजारी सही. पुढे वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी अनेक वर्षं बातम्या तपासल्या. खात्री नसलेल्या मजकुराला आम्ही "असे समजते" जोडत असू. अण्णांच्या वहीत तीही सोय नव्हती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना अण्णांना थर्मामीटरमधला पारा दिसेनासा झाला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. अण्णांनी ही गोष्ट फार्मवर कळवली नाही. नोकरीबरोबर क्वार्टरही गेलं असतं. त्याआधी एका संध्याकाळी आकडा न दिसल्याने त्यांनी वहीत रेघ मारली होती आणि त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला होता. दुसरी रेघ म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे डोळे. तेव्हापासून मी पेटीशी उभी राहून आकडे हळू आवाजात सांगू लागले आणि अण्णा वहीत लिहू लागले. सहा महिन्यांनी त्यांना रकाने दिसेनात. मग लिहिणंही माझ्याकडे आलं. त्यांच्या अक्षरासारखं अक्षर मी दोन आठवड्यांत बसवलं. लांबून पाहणाऱ्याला अण्णा नोंद घेताहेत आणि मुलगी शेजारी उभी आहे, असंच दिसायचं. आई तारेला टेकून रस्त्याकडे लक्ष ठेवायची, साहेब येतात का ते पाहायला. कॉलेज अकरा ते चार होतं म्हणून जमलं. बी.ए. झाले, पण मला पुढे कुठेही जाता येणार नव्हतं. सव्वापाच वाजता तिघंही आपोआप उठायचो.

हर्डीकर सर आमच्या कॉलेजातून संस्कृतचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. तरुणपणी ते रशियन शिकले होते, आणि दर रविवारी सकाळी दहाला ते ती फुकट शिकवत. सुरुवातीला आम्ही पाच जण होतो, दिवाळीनंतर मी एकटी. साखर पेठेत, एका मागाच्या कारखान्यावरच्या खोलीत ते राहायचे. खाली माग दिवसभर चालू. खोलीतला पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला तर पाण्यावर सारख्या बारीक लाटा उठायच्या. मालकीणबाई तेलुगूत कामगारांना ओरडायच्या, आणि सर त्या आवाजावर आवाज चढवून मला विभक्ती सांगायचे. सरांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि नीट जुळलं नव्हतं. जिना उतरून त्यांना दीड वर्ष झालं होतं. खोलीत बुटांचे रिकामे खोके एकावर एक होते, आणि त्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या. एका खोक्यावर लिहिलेलं होतं: हवा, पाऊस, वारा.

त्या खोक्यातली पगोदाची चिठ्ठी मी पहिल्यांदा पाहिली ती अशीच एका रविवारी. रशियनमध्ये हवामानाला पगोदा म्हणतात. सरांनी त्याखाली बहिणी मांडल्या होत्या. पोलिशमध्ये पोगोदा म्हणजे हवामान, पण चांगली हवा असाही अर्थ. चेक भाषेत पोहोदा. तिथे हवामान बाजूला राहिलं आणि उरलं ते स्वास्थ्य, निवांतपणा. उत्तर रशियाच्या खेड्यांत मात्र हाच शब्द वादळाला, हिमवर्षावाला वापरतात. आणि या सगळ्यांच्या वर, एक चांदणी काढून, सरांनी मूळ रूप लिहिलं होतं.

"ही चांदणी कशाची?" मी विचारलं.

"हा शब्द कुणी लिहिलेला नाही, कुणी ऐकलेला नाही," सर म्हणाले. "या सगळ्या भाषा वेगळ्या व्हायच्या आधी त्यांची एक भाषा होती. तिला लिपी नव्हती. लेकींचे चेहरे पाहून आईचा चेहरा काढायचा, तसं हे काढलेलं रूप आहे. चांदणी म्हणजे कबुली. की बाबा, हे आम्ही जुळवलंय, सापडलेलं नाही."

मग त्यांनी शब्द मधून उघडून दाखवला. त्यातला 'गोद' म्हणजे वेळ, तीही योग्य वेळ. रशियनमध्ये त्याचं वर्ष झालं, चेकमध्ये सण झाला, बल्गेरियनमध्येही वर्षाचा शब्द त्याच्यापासून. आधीचा 'पो' लागून झालं वेळेला धरून असलेलं, जुळून आलेलं. म्हणजे पगोदा हा आधी हवामानाचा शब्दच नव्हता. गवत कापायला, नाव सोडायला, प्रवासाला निघायला जुळून आलेला काळ, असा त्याचा अर्थ. अशा काळात आभाळ साफ असतं, म्हणून अर्थ झाला चांगली हवा. आणि वापरून वापरून चांगली गळून गेली, हवा तेवढी राहिली. पुरावा रशियनमध्येच होता. वाईट हवेला ते निपगोदा म्हणतात, म्हणजे जी पगोदा नव्हे ती. पगोदा मुळात चांगली नसती तर हा शब्द तयारच झाला नसता.

मी हे घरी सांगितलं. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. दुपारची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि अंबाडीची भाजी, हे उन्हाळ्यातलं आमचं ठरलेलं जेवण. अण्णा दाराशी बसले होते.

आई म्हणाली, "म्हंजे हवा बरी हाय, एवढंच की. त्यात काय एवढं शोदायचं? माजा बाप शेंगा काढायच्या दिवशी पाटं दारात हुबा ऱ्हायचा. वर बगायचा, म्हनायचा, हवा बरी हाय, चला. लगी सगळी घराभाईर."

"आणि बरी नसली तर?"

"तर काय? बसा घरात खुराड्यात."

अण्णांना चांदणीत जास्त रस होता. "म्हणजे अंदाज," ते म्हणाले.

"अंदाज, पण तसं सांगून केलेला."

"आमच्या वहीत असलं चालत नाही," अण्णा म्हणाले.

त्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेने रशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज मागवले. शिष्यवृत्ती होती, वसतिगृह होतं. अर्जासोबत एका स्लाव्ह, म्हणजे रशियन आणि तिच्या बहीणभाषांतल्या, शब्दाच्या उगमावर निबंध पाठवायचा होता. जाहिरात सरांनी कापून ठेवली होती. मी म्हटलं की मला जाता येणार नाही. सरांना अण्णांच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मलाही जिना उतरता येत नाही. म्हणून काय मी चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत?" मी निबंध लिहिला. पाठवायचा असं ठरवलं नव्हतं. न पाठवायचं असंही ठरवलं नव्हतं.

निबंधाचं शेवटचं कलम अडलं. सरांच्या आठवणीप्रमाणे या गोदचं मूळ आणखी मागे जात होतं. जोडणं, घट्ट धरणं अशा अर्थाच्या एका धातूकडे. इंग्रजीतला 'गुड' त्याच धातूचा. आणि संस्कृतातही त्याचा एक अवशेष होता: ऋग्वेदात एकदाच येणारं 'आगधिता' हे रूप, घट्ट धरलेली या अर्थाचं. पण ज्या व्युत्पत्तिकोशात सरांनी हे वाचलं होतं तो त्यांनी बार्शीच्या कॉलेजला भेट दिला होता.

"लिहून टाकू का? तुम्हाला आठवतंय ना?" मी विचारलं.

"मी वाचलं त्याला वीस वर्षं झाली. पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही."

निबंध शुक्रवारी पुण्यात पोचायला हवा होता. ग्रंथपालांच्या नावे सरांनी चिठ्ठी दिली. मंगळवारी सकाळची नोंद घेऊन साडेनऊची एस.टी. धरली तर बाराच्या आत बार्शी, दीडची परतीची गाडी, आणि चारपर्यंत घर, असा माझा हिशोब होता. अण्णांना मी तेवढंच सांगितलं. ते म्हणाले, "साडेपाचच्या आत ये."

सकाळची नोंद झाल्यावर अण्णा आत गेले. वही माझ्या हातात होती. मागचे बारा दिवस साडेपाचचा कोरडा थर्मामीटर चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये होता, ओला बावीसच्या आसपास, आभाळ मोकळं, पाऊस निरंक. गाडी चुकली तर रकाना कोरा राहील आणि अण्णांना रेघ मारावी लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी शाईने लिहिलं: कोरडा ४१.२, ओला २२.४, ढग शून्य, पाऊस निरंक. वेळेत आले तर एका रेघेने दुरुस्त करता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. आज पन्नास वर्षांनी मला त्या आकड्यांतला शेवटचा दशांशही आठवतो. पॉइंट दोन मी मुद्दाम लिहिला होता. पूर्ण आकडा खोटा वाटला असता.

बार्शीचे ग्रंथपाल जेवायला गेले होते. ते अडीचला आले. दीडची गाडी तोवर गेली होती. कोशाचं पान मिळालं. सरांची आठवण बरोबर होती, एक गोष्ट सोडून. कोशकाराने संस्कृत शब्दापुढे "तुलना करा" एवढंच म्हटलं होतं आणि काही विद्वानांना हा संबंध मान्य नसल्याचं नोंदवलं होतं. मी तेवढं उतरवून घेतलं. तीनची गाडी मिळाली. वैराग सोडल्यावर अंधारून आलं. आधी धूळ, मग पत्र्यावर मुठीने ठोकल्यासारखा आवाज. गारा लिंबाएवढ्या होत्या. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. पुढे बाभळीचं झाड रस्त्यावर आडवं पडलेलं होतं. खिडक्यांना काचा नव्हत्या, मेणकापडाचे पडदे होते; ते सगळ्यांनी हातांनी धरून ठेवले. शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, पाय बांधलेली.

बाई मला म्हणाली, "तुमी का रडताय? थांबंल की आत्ता."

"थांबून उपयोग नाही," मी म्हटलं. तिला ते कळलं नाही. मला म्हणायचं होतं की फार्मवर तो सुरूच व्हायला नको. कंडक्टरच्या मनगटावर घड्याळ होतं. साडेपाच मी त्याच्या घड्याळात पाहिले. गाडी जागची हलली तेव्हा सहा वाजून गेले होते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वीज गेलेली होती. ओसरीवर कंदील, अण्णा खाटेवर, वही त्यांच्या मांडीवर. आईच्या कपाळावर हळद लावलेली होती. गार लागली होती.

"जेवून घे," आई म्हणाली.

"वही," मी म्हटलं.

अण्णा म्हणाले, "वही बघितली. म्हणजे तिने बघितली. मी ऐकली."

जे झालं ते आईने सांगितलं. "सव्वापाच झालं, गारा परत सुरू, तुजा पत्त्या न्हाई. ह्ये निगालं एकटंच, काठी घिऊन. म्या म्हनलं बसा. डोक्यावर घमेलं घेतलं आन् गेले. खुराड्याचं दार उगडलं, बगितलं, फिरून आले. ह्यांना म्हनलं, चोवीस आन् वर दोन बारक्या रेगा. वल्ला बावीस आन् सा रेगा. लिवा. वही उगडली, तर जागाच न्हाई. तितं आदीच लिवलेलं."

"तुला वाचता येतं?" मी विचारलं. हा प्रश्न तेव्हा मला सर्वांत आधी सुचला.

"दोन वर्सं तारेला टेकून हुबी हाय की. रस्त्याकडंच बगायची व्हय?"

अण्णांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. पान बरोबर होतं, धरलेली बाजू उलटी होती. माझ्या आकड्यांवर एक सरळ रेघ होती. वर आईने चोवीस पॉइंट दोन आणि बावीस पॉइंट सहा लिहिलं होतं, कानडी आकड्यांत, कारण तेच तिला लिहिता येत होते. ढगाच्या रकान्यात तिने पूर्ण गोल काळा केला होता. शेजारी अण्णांची सही. ती रकाना सोडून दोन ओळी खाली गेली होती.

"गारा पडत होत्या आणि तुझ्या वहीत ऊन होतं," अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग वही मिटून म्हणाले, "चांदणी तरी काढायचीस."

पान फाडावं, असं मी म्हटलं. पानांवर छापील क्रमांक होते, आणि तसे ते नसते तरी अण्णांनी फाडू दिलं नसतं. उन्हाची पट्टीही होतीच. तिच्यावरची जळकी रेघ पावणेचारला तुटलेली होती.

गारांनी फार्मवरचे प्रयोगाचे वाफे झोडपले होते, त्यामुळे सकाळी आठला मोठे साहेब, म्हणजे फार्मचे सुपरिंटेंडंट, वही मागायला स्वतः आले. ते धारवाडचे होते. त्यांनी उभ्यानेच पान पाहिलं, मग खुर्ची मागितली.

"हे खालचं अक्षर तुमचंच ना?"

"माझ्या मुलीचं," अण्णा म्हणाले.

"वरचं?"

"बायकोचं."

"आणि तुमचं कुठंय?"

"माझी सही आहे. जागेवर नाही, असं म्हणतात."

साहेबांनी खिशातून पेन काढून अण्णांच्या तोंडासमोर धरलं आणि हातात काय आहे ते विचारलं. अण्णांनी हात पुढे करून हवेत चाचपलं. "किती दिवस?" साहेबांनी विचारलं. अण्णांनी खरं सांगितलं. मग मी ४१.२ कधी आणि का लिहिलं ते सांगितलं. साहेबांनी आईकडे पाहिलं आणि कानडीत विचारलं की हे तू वाचलंस की कुणी सांगितलं. आई मराठीत म्हणाली, "माजं म्या वाचलं."

साडेआठ वाजत आले होते. साहेब उठून कुंपणातल्या पेटीकडे गेले. आम्ही तिघं मागे. पेटीचं दार त्यांनी उघडलं. आईने वाचलं: कोरडा सव्वीस आणि आठ रेघा. साहेबांनी स्वतः पाहिलं आणि म्हणाले, "सत्तावीस आणि एक."

"साहेब, तुमी वरनं बगताय," आई म्हणाली. "उंच हाय की तुमी. वाकून डोळा पाऱ्याच्या बरुबर आना."

कुंपणाबाहेर मजूर थांबले होते. त्यांतला एक हसला आणि लगेच गप्प झाला. साहेब गुडघे वाकवून पेटीसमोर झाले. बराच वेळ तसेच होते. मग म्हणाले, "सव्वीस पॉइंट आठ. लिहा."

तीन दिवसांनी हुकूम आला. अण्णांची बदली फाटकावर रखवालदार म्हणून झाली, पगार कमी, क्वार्टर तेच. हवामान निरीक्षणाचं काम आईला रोजंदारीवर देण्यात आलं. साहेबांनी अटी तोंडी सांगितल्या: दोन वेळा, रोज, वेळ चुकता कामा नये, आकडे इंग्रजीत लिहायला शिकायचं.

"आन् सुट्टी?" आईने विचारलं.

"हवेला सुट्टी असते का, बाई?"

"न्हाई," आई म्हणाली, आणि हुकुमावर कानडीत सही केली.

निबंध मी त्या आठवड्यात टाकला. एक दिवस उशिरा पोचला, पण घेतला गेला. संस्कृत शब्दाचं कलम मी कोशात होतं तसं, "तुलना करा" म्हणून दिलं आणि संबंध सर्वमान्य नसल्याचं लिहिलं. सरांच्या सांगण्यावरून शेवटी आजोबांचं वाक्य घातलं: शेंगा काढायच्या दिवशी दारात उभं राहून आभाळाकडे पाहणारा माणूस जे म्हणतो, ते या शब्दाच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ असावं. 'असावं' हे क्रियापद सरांनी दोनदा तपासलं. जूनच्या अखेरीस पुण्याहून पत्र आलं. ते मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती आकडे गिरवत होती. "हॉस्टेलात भाकरी मिळती का?" एवढंच तिने विचारलं.

जुलैमध्ये मी निघाले. गाडी सकाळी होती. स्टेशनवर अण्णा आले, मजुरांपैकी एकाच्या खांद्यावर हात ठेवून. आई आली नाही. गाडी आणि नोंद यांची वेळ एकच होती. तिने फडक्यात कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या आणि चटणीचा डबा. त्या वर्षी पंचमीला ती दुधनीला गेली नाही. पुढच्या वर्षीही गेली नाही.

फार्मचं हवामान केंद्र आता नाही. जुनं दप्तर हलवायचं होतं म्हणून मागच्या वर्षी मला त्या वह्या पाहायला मिळाल्या. मे महिन्यातल्या त्या बुधवारपासून चौदा वर्षं दोन्ही वेळच्या नोंदी आईच्या अक्षरात आहेत. पहिला महिनाभर आकडे कानडी, नंतर इंग्रजी. आडवी रेघ कुठेही नाही. अखेरचा रकाना शेऱ्याचा आहे. अण्णांच्या काळात तो कायम कोरा असायचा, आणि आईनेही तो चौदा वर्षांत एकदाच भरलेला दिसतो. मी पुण्याला गेले त्या दिवशीची, सकाळी साडेआठची नोंद अशी आहे: कोरडा २५.४, ओला २२.०, वारा पश्चिम, ढग तीन, पाऊस निरंक. शेरा, अक्षरं कानडी, भाषा मराठी: हवा बरी.